प्रतिध्वनीचा शिल्पकार : पॉल लांजव्हँ

हिशेब हा विषय आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पाचवीलाच पुजलेला असतो. जमाखर्च, ताळेबंद, घसारा आणि वर्षअखेरची मालाची शिल्लक यांतच आमची तीन वर्षे सरतात. हिशेब-तपासणीच्या अभ्यासात आम्हाला एक साधा नियम शिकवला जातो. वहीत लिहिलेला माल गोदामात खरोखर आहे की नाही, याची खात्री करून घेतल्याशिवाय तपासनिसाने सही करू नये. नियम कोणालाही पटावा असाच आहे. पण तो शिकल्यापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. ज्या गोदामाला भिंती नाहीत, छप्पर नाही, ज्यात माणसाला शिरता येत नाही आणि ज्यातला माल क्षणभरही एका जागी थांबत नाही, त्या गोदामातील शिल्लक मोजायची तरी कशी?

असे एक गोदाम आपल्या बेळगावपासून फार दूर नाही. घाट उतरून गोव्याला किंवा कारवारला गेले की ते समोरच पसरलेले दिसते. तो म्हणजे समुद्र! आपल्या मासळी बाजारात बांगडे आणि तारल्या येतात त्या तिकडूनच. बांगडा स्वस्त झाला की घरोघरी आनंद होतो, महाग झाला की बायका दर ऐकूनच मागे फिरतात. पण समुद्रात एकूण बांगडा शिल्लक किती, हा प्रश्न त्या गर्दीत कोणाच्या मनात येत नाही. तो प्रश्न जगातील काही शास्त्रज्ञांनी विचारला आणि त्याचे उत्तर त्यांनी आवाजाच्या साहाय्याने शोधले. पाण्यात आवाज सोडायचा, माशांवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा आणि त्यावरून मासे किती असतील याचा अंदाज बांधायचा, अशी ही रीत आहे.

या रीतीची माहिती शोधताना मी एका फ्रेंच शास्त्रज्ञाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो. त्याने स्वतः कधी मासे मोजले नाहीत. परंतु ज्या यंत्राने पुढे मासे मोजले गेले, त्या यंत्राचा जीव त्याने घडवला. त्याचे नाव पॉल लांजव्हँ. विज्ञान शाखेच्या मित्रांना हे नाव चुंबकत्वाच्या धड्यातून माहीत असेल. पण धड्यात न मावणारा हा माणूस फार मोठा होता, आणि त्याची ओळख आपल्या नियतकालिकाच्या वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पॉल लांजव्हँ यांचा जन्म २३ जानेवारी १८७२ रोजी पॅरिस येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडील बांधकामाची मोजमापे तपासण्याचे काम करीत. कंत्राटदाराने भिंत किती लांब बांधली, बिल किती लांबीचे लावले, याची पडताळणी करणे हा त्यांचा व्यवसाय. म्हणजे मोजणे आणि मोजलेले पुन्हा तपासणे हे संस्कार मुलावर घरातच झाले असावेत, असे मला वाटते.

मुलगा अतिशय हुशार निघाला. त्या काळी पॅरिस शहराच्या नगरपालिकेने औद्योगिक भौतिकी आणि रसायनशास्त्राची एक शाळा नुकतीच, म्हणजे १८८२ साली, काढली होती. श्रीमंतांच्या मुलांसाठी मोठमोठी विद्यालये होतीच. ही शाळा मात्र हातांनी काम करून शिकणाऱ्या होतकरू मुलांची होती. लांजव्हँ १८८८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तेथे दाखल झाले. तेथील प्रयोगशाळेत त्यांना एक तरुण, अबोल शिक्षक भेटले. त्यांचे नाव पिएर क्यूरी. रेडियमच्या शोधामुळे क्यूरी पतिपत्नी जगप्रसिद्ध झाली ती पुढे. पण त्याआधी, १८८० साली, पिएर आणि त्यांचे भाऊ जाक यांनी एक वेगळाच शोध लावला होता. क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या जातीचा पारदर्शक स्फटिक, विशिष्ट दिशेने दाबला की त्याच्या पृष्ठभागांवर विद्युतभार निर्माण होतो, असा तो शोध. पुढच्याच वर्षी याची उलट बाजूही सिद्ध झाली. स्फटिकाला विद्युतदाब दिला तर तो किंचित आकुंचन वा प्रसरण पावतो. त्या वेळी या शोधाचा उपयोग प्रयोगशाळेतील नाजूक मोजमापांपलीकडे फारसा नव्हता. लांजव्हँ यांनी तो आपल्या गुरूच्या हाताखाली शिकून घेतला आणि मनात जपून ठेवला. हा ठेवा त्यांना कित्येक वर्षांनी उपयोगी पडणार होता.

पुढचा प्रवास मी थोडक्यात सांगतो. १८९४ मध्ये त्यांनी उच्च शिक्षणाच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत प्रवेश मिळवला. १८९७ मध्ये ते इंग्लंडला केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेले. इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन तेथे प्रमुख होते आणि रदरफोर्ड हे सहाध्यायी होते. १९०२ मध्ये पॅरिसला डॉक्टरेट मिळाली. १९०५ मध्ये त्यांनी पदार्थांच्या चुंबकत्वाची उपपत्ती मांडली. १९०८ मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या सैरावैरा हालचालींचे एक समीकरण दिले. आमच्या शाखेच्या वाचकांना नवल वाटेल, पण व्याजदरांच्या चढउतारांचे गणित करणारे अर्थशास्त्रज्ञ आज त्याच घराण्यातील समीकरण वापरतात! १९०९ मध्ये ते कॉलेज द फ्रान्स येथे प्राध्यापक झाले. आइन्स्टाइन यांचा सापेक्षतेचा सिद्धान्त फ्रान्समध्ये रुजवला तो मुख्यतः लांजव्हँ यांनीच.

याच काळात त्यांच्या वाट्याला मोठी बदनामीही आली. घरातील सुख हरवलेले होते. १९०६ मध्ये पिएर क्यूरी रस्त्यावरील अपघातात वारले. पुढे काही वर्षांनी मेरी क्यूरी आणि लांजव्हँ यांच्यात स्नेहबंध निर्माण झाला. १९११ च्या अखेरीस काही वृत्तपत्रांनी त्यांची खाजगी पत्रे चव्हाट्यावर आणली. मेरी क्यूरींच्या घरासमोर लोकांनी गर्दी केली. लांजव्हँ यांनी एका संपादकाला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. दोघे पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले, पण गोळी कोणीच झाडली नाही. त्या प्रकरणात कोणाचे किती चुकले याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. मात्र एवढे खरे की ज्यांना त्यांच्या विद्वत्तेविषयी काही देणेघेणे नव्हते, त्यांनीच सर्वांत जास्त आरडाओरडा केला. पुढे दोन पिढ्यांनंतर मेरी क्यूरींची नात एलेन आणि लांजव्हँ यांचे नातू मिशेल यांचा विवाह झाला. काळ कधी कधी जुने हिशेब असेही मिटवतो.

आता मुख्य विषयाकडे वळतो. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक ही प्रचंड आगबोट हिमनगावर आदळली, तीन तासांच्या आत बुडाली आणि सुमारे पंधराशे माणसे प्राणास मुकली. अंधारात, पाण्याखाली काय आहे हे आधी कळण्याचा उपाय हवा, असे सर्वांना वाटू लागले. लगेच १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मन पाणबुड्यांनी मित्रराष्ट्रांची जहाजे बुडवण्याचा सपाटा लावला. प्रकाश समुद्रात फार खोल जात नाही. रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरून जातात. मग राहतो तो एकटा आवाज. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने.

१९१५ च्या सुरुवातीला कॉन्स्टंटिन चिलोव्स्की या स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या रशियन अभियंत्याने फ्रेंच सरकारला एक योजना पाठवली. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, अतिशय उंच पट्टीचा आवाज पाण्यात सोडावा आणि पाणबुडीवरून येणारा त्याचा प्रतिध्वनी पकडावा, अशी ती कल्पना होती. सरकारने ती लांजव्हँ यांच्याकडे अभिप्रायासाठी पाठवली. लांजव्हँ यांना ती पटली आणि त्यांनी कामाला हात घातला.

उंच पट्टीचाच आवाज का? याचे कारण समजण्यास सोपे आहे. जाड आवाज दिव्याच्या उजेडासारखा चहूकडे पसरतो. उंच पट्टीच्या आवाजाच्या लहरी आखूड असतात, त्यामुळे विजेरीच्या झोतासारखा त्याचा एका दिशेने झोत टाकता येतो. सेकंदाला ४०,००० कंपने असलेल्या आवाजाची लहर पाण्यात जेमतेम पावणेचार सेंटिमीटर लांब असते. आपल्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपने एवढीच. म्हणजे जो आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, तोच समुद्राची खबर आणतो!

पहिले प्रयोग पॅरिसमध्ये सीन नदीत झाले, नंतर तूलाँच्या नौदल तळावर. १९१६ मध्ये समुद्राच्या तळाचा आणि २०० मीटर अंतरावर ठेवलेल्या पोलादी पत्र्याचा प्रतिध्वनी मिळाला. परंतु आवाज काढणारे साधन दुबळे होते आणि ऐकणारे साधन बेभरवशाचे. येथे लांजव्हँ यांना आपल्या गुरूचा स्फटिक आठवला. क्वार्ट्झला विजेचे झटके दिले तर तो थरथरेल आणि आवाज काढील. उलट प्रतिध्वनीने तो थरथरला तर वीज निर्माण करील. एकच वस्तू तोंडही होईल आणि कानही! १९१७ मध्ये त्यांनी तसे करून पाहिले. त्याच सुमारास निघालेल्या निर्वात नळीच्या साहाय्याने स्फटिकातील क्षीण वीज मोठी करता येऊ लागली होती, त्याचाही त्यांनी लाभ घेतला.

अडचण स्फटिकाची होती. झोत काढण्यासाठी मोठ्या आकाराचा, निर्दोष क्वार्ट्झ हवा, तो आणायचा कोठून? पॅरिसमधील एका भिंग-व्यापाऱ्याकडे शोभेसाठी ठेवलेला एक मोठा स्फटिक मिळाला, त्याच्या चकत्या कापण्यात आल्या. तरीही हव्या त्या कंपनसंख्येसाठी चकती फार जाड लागत होती. लांजव्हँ यांनी नामी युक्ती काढली. क्वार्ट्झच्या पातळ तुकड्यांचा एक थर करून तो दोन पोलादी पाटांच्या मध्ये पक्का बसवला. पोळीत पुरण भरावे तसा! आता पोलाद आणि स्फटिक मिळून एकाच वस्तूप्रमाणे थरथरू लागले. महागाचा स्फटिक थोडाच लागला आणि ताकद मात्र कितीतरी वाढली. १९१८ मध्ये या यंत्राने प्रत्यक्ष पाणबुडीचा प्रतिध्वनी पकडला आणि पुढे हे अंतर १,५०० मीटरपर्यंत गेले. पण यंत्र जहाजांवर बसवून कामाला लागण्यापूर्वीच ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले.

तूलाँच्या या प्रयोगांत एक गोष्ट घडली, ती वाचून मी बराच वेळ विचारात पडलो. यंत्र चालू असताना झोतात सापडलेले मासे मरत असल्याचे लांजव्हँ यांच्या ध्यानात आले. पाण्यात हात घातला तर हाताला वेदना होत. म्हणजे या आवाजाची आणि माशांची पहिली गाठ पडली ती मृत्यूच्या रूपाने. पाणबुडी मारण्यासाठी जन्मलेले यंत्र जाता जाता माशांनाही मारत होते. पण पुढच्या वीस वर्षांत, कितीतरी सौम्य होऊन, तेच यंत्र माशांचा लेखा ठेवू लागले.

युद्धानंतर लांजव्हँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तत्त्वावर समुद्राची खोली मोजणारी यंत्रे तयार केली. पूर्वी दोरीला शिसे बांधून ते तळाला टेकेपर्यंत सोडावे लागे. आता आवाज सोडला आणि तो किती वेळाने परत आला हे पाहिले की झाले. प्रतिध्वनी ०.२ सेकंदाने आला तर आवाजाने जाऊनयेऊन ३०० मीटर अंतर कापले, म्हणजे तळ १५० मीटरवर आहे. तिसरीतल्या मुलालाही जमेल असा हा गुणाकार-भागाकार आहे. मात्र नाविकांच्या लक्षात आले की कधी कधी तळाच्या बऱ्याच वर, मध्येच, एखादा प्रतिध्वनी उमटतो. ते मासे होते! १९२९ मध्ये जपानच्या किमुरा या संशोधकाने तळ्यातील माशांवर प्रयोग करून ध्वनीने मासे ओळखता येतात हे दाखवले. १९३५ मध्ये नॉर्वेच्या ओस्कार सुन यांनी लोफोटेन बेटांजवळील कॉड माशांच्या थव्यांचे कागदावर उमटलेले प्रतिध्वनी प्रसिद्ध केले. शेकडो वर्षे जो मासा फक्त जाळ्यात आल्यावर दिसत असे, तो पाण्यात असतानाच कागदावर दिसू लागला.

पण दिसणे वेगळे आणि मोजणे वेगळे. मोजणी कशी होते? आमचे किराणा मालाचे दुकान आहे. दिवाळीला पाडव्याची नवी वही घालण्यापूर्वी आम्ही सारे मिळून माल मोजतो. तेलाचा बंद डबा असला तर बाबा तो उघडत नाहीत. बोटाच्या पेराने वरून खाली टकटक करीत येतात. रिकाम्या भागाचा आवाज पोकळ, भरलेल्या भागाचा भरीव. आवाज जेथे बदलला तेथे तेल, आणि बाबा आकडा सांगून मोकळे होतात! समुद्रातील मोजणीचे मूळ याहून फार निराळे नाही. बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर आवाज जोरात उलटतो, म्हणून माशाच्या प्रतिध्वनीचा फार मोठा भाग या पिशवीतूनच येतो. ज्या जातींना ही पिशवी नाही, त्यांचा प्रतिध्वनी फारच मंद असतो.

संशोधन-जहाज समुद्रावर आखलेल्या समांतर किंवा नागमोडी रेषांवरून जाते. शेतात नांगर फिरावा तसे. खाली सोडलेल्या आवाजाचे माशांवरून आलेले सारे प्रतिध्वनी प्रत्येक मैलाला बेरीज करून नोंदले जातात. ही बेरीज करणारे यंत्र नॉर्वेत १९६० च्या दशकात तयार झाले. एका माशाचा प्रतिध्वनी किती हे ठाऊक असेल तर एकूण बेरजेला त्याने भागायचे, की संख्या मिळते. मासा कोणत्या जातीचा आणि केवढा, हे आवाज पुरतेपणी सांगत नाही, म्हणून मधून मधून जाळे टाकून नमुना काढावा लागतो. तराजू खरा आहे की नाही हे जसे प्रमाणित वजनाने तपासतात, तसे धातूचा ठरावीक आकाराचा गोळा जहाजाखाली टांगून यंत्र तपासून घेतात. शेवटी रेषांवरची घनता सर्व क्षेत्राला लावून एकूण साठा काढला जातो. यात चूक राहू शकते. तळाला चिकटलेले मासे तळाच्या प्रतिध्वनीत लपतात, अगदी पृष्ठभागाजवळचे यंत्राच्या वरच राहतात आणि काही जहाजाची चाहूल लागून दूर पळतात. म्हणून अंदाजाबरोबर त्यातील संभाव्य चूकही सांगावी लागते. आम्ही नमुना-तपासणी म्हणतो ती हीच. प्रत्येक पावती न पाहता काही निवडक पावत्यांवरून साऱ्या वहीविषयी मत बनवायचे, आणि ते मत किती पक्के आहे हेही प्रामाणिकपणे लिहायचे.

या कामासाठी आज सर्वाधिक वापरली जाणारी कंपनसंख्या सेकंदाला ३८,००० आहे. लांजव्हँ यांच्या तूलाँच्या यंत्राची होती ती याच्या अगदी शेजारची! हा आवाज बहुतेक माशांना ऐकूही येत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही ही मोजणी झाली आहे. १९७१ पासून कोचीन येथे संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चाललेल्या एका प्रकल्पात रत्नागिरीपासून तुतिकोरीनपर्यंतच्या समुद्रात ध्वनियंत्रे घेऊन जहाजे फिरली आणि त्यांनी बांगडा, तारली यांच्या साठ्यांचा शोध घेतला. त्यांतील दोन जहाजांची नावे ‘रास्ट्रेलिजर’ आणि ‘सार्डिनेला’ अशी होती. ही अनुक्रमे बांगड्याच्या आणि तारलीच्या प्रजातींची शास्त्रीय नावे आहेत.

ही मोजणी हवी कशाला, असे कोणी विचारील. मुद्दल आणि व्याज यांतील फरक ज्याला कळतो त्याला हे सांगावे लागू नये. मासे दरवर्षी वाढतात ते व्याज. तेवढेच काढले तर मुद्दल कायम राहते. पेरू देशाच्या समुद्रातून १९७० साली अँचोव्हेटा नावाचा लहान मासा १ कोटी २० लाख टनांहून अधिक काढला गेला. मग समुद्राचे पाणी तापण्याचे एल निन्योचे संकट आले, आधीच्या बेसुमार मासेमारीची त्यात भर पडली आणि १९७३ मध्ये उत्पादन २० लाख टनांच्याही खाली घसरले. जो व्यापारी मुद्दल खातो आणि त्याला नफा समजतो, त्याचे दिवाळे ठरलेलेच असते. फरक इतकाच की समुद्राचे दिवाळे निघाले तर उपाशी राहतात ते होडीवाले, मासे सुकवणाऱ्या बायका आणि बर्फाच्या कारखान्यातले मजूर.

लांजव्हँ यांच्याकडे परत येतो, कारण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण परीक्षा अजून व्हायची होती.

युद्धाने त्यांना कीर्ती दिली, पण युद्धाचे प्रेम दिले नाही. १९२२ मध्ये, जर्मनीविषयी फ्रान्समध्ये अजून संताप धगधगत असताना, त्यांनी आइन्स्टाइन यांना पॅरिसला व्याख्यानांसाठी बोलावले. १९२४ मध्ये लुई द ब्रॉय या तरुणाचा प्रबंध तपासायला आला. कणांनाही लहरींचे रूप असते, हे त्यातील म्हणणे विचित्र वाटण्यासारखे होते. लांजव्हँ यांनी तो बाजूला न टाकता आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला. पाच वर्षांनी द ब्रॉय यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९२५ मध्ये, ज्या नगरपालिकेच्या शाळेत ते सोळाव्या वर्षी शिकायला आले होते, त्याच शाळेचे ते संचालक झाले. १९३४ मध्ये युरोपात हुकूमशाहीचे ढग जमू लागले तेव्हा फॅसिझमविरुद्ध विचारवंतांची समिती स्थापण्यात त्यांनी पुढाकार घेतला. प्रयोगशाळेत बसून जगाकडे पाठ फिरवणे त्यांना मान्य नव्हते.

१९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. ३० ऑक्टोबर १९४० रोजी लांजव्हँ यांना अटक झाली. वय अडुसष्ट. नोव्हेंबरच्या ८ तारखेला, बंदूकधारी सैनिक शहरात असताना, पॅरिसचे विद्यार्थी आपल्या गुरूसाठी कॉलेज द फ्रान्ससमोर निदर्शने करायला जमले. व्यापलेल्या पॅरिसमधील पहिल्या उघड निषेधांपैकी तो एक होता. ते विद्यार्थी माझ्याच वयाचे असतील. सुमारे चाळीस दिवसांच्या तुरुंगवासानंतर लांजव्हँ यांना त्र्वा या गावी नजरकैदेत ठेवण्यात आले. घरावर मात्र घाव पडतच राहिले. त्यांचे जावई जाक सोलोमाँ, स्वतः भौतिकीचे संशोधक, यांना २३ मे १९४२ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. मुलगी एलेन हिला १९४३ च्या जानेवारीत आउशविट्झच्या छळछावणीत पाठवण्यात आले. म्हातारा बाप नजरकैदेत, मुलगी जिवंत आहे की नाही याचा पत्ता नाही. प्रतिध्वनी ऐकण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या हाकेला तेव्हा कोठूनही उत्तर येत नव्हते.

१९४४ च्या मे महिन्यात सहकाऱ्यांच्या मदतीने ते गुप्तपणे स्वित्झर्लंडला निसटले. त्याच वर्षी पॅरिस मुक्त झाल्यावर परतले आणि आपल्या जावयाच्या पक्षात, कम्युनिस्ट पक्षात, दाखल झाले. एलेन छळछावणीतून जिवंत परत आली. सत्तरी ओलांडलेल्या लांजव्हँ यांच्यावर सरकारने एक शेवटचे काम सोपवले, ते म्हणजे फ्रान्सच्या शिक्षणपद्धतीची नवी योजना करण्याचे. कोणत्याही घरात जन्मलेल्या मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे शिकता आले पाहिजे, हा त्या योजनेचा गाभा होता. ती पुरी होण्यापूर्वीच १९ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. सहकारी आंरी वालाँ यांनी १९४७ मध्ये ती सादर केली. १९४८ साली फ्रान्सने लांजव्हँ यांचे अवशेष पाँतेओँ या राष्ट्रीय स्मारकात सन्मानाने नेऊन ठेवले.

कन्नडमध्ये हिशेबाला ‘लेक्क’ म्हणतात. आपला ‘लेखा’ आणि आमच्या कन्नड विभागातील मित्रांचा ‘लेक्क’ हे शब्द सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. पॉल लांजव्हँ यांच्या आयुष्याचा लेखा मांडायचा तर जमेच्या बाजूला काय लिहावे? चुंबकत्वाची उपपत्ती लिहावी, क्वार्ट्झचा झोत लिहावा, शिष्यांची यादी लिहावी. पण मला वाटते, सर्वांत वर लिहावी ती त्यांची वृत्ती. ऐकण्याची वृत्ती. गुरूचा पडून राहिलेला शोध त्यांनी ऐकला, परक्या अभियंत्याची कल्पना ऐकली, शत्रूदेशातील मित्राचा सिद्धान्त ऐकला, तरुणाचा विचित्र प्रबंध ऐकला. जे इतरांना ऐकू येत नव्हते, ते त्यांना ऐकू आले.

आणि त्यांच्या यंत्राचे काय? ते युद्धासाठी जन्मले आणि युद्धातही राबले, हे नाकारता येत नाही. पण आज कुठल्यातरी समुद्रावर एखादे जहाज संथपणे रेषा आखत जात असेल. त्याच्या तळातून ऐकू न येणारा आवाज खाली जात असेल आणि माशांच्या पोटातील चिमूटभर हवेवरून परत येत असेल. त्या बेरजेवरून यंदा किती मासे काढावेत आणि किती ठेवावेत हे ठरेल. जे ठेवले जातील, ते पुढच्या वर्षी कोणाच्या तरी ताटात येतील. माशांची शिल्लक एवढ्या कष्टाने मोजायची ती याचसाठी.